'लॉसेस' या शब्दावर बंदी घाला

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : 'लॉसेस'. रीडिंग थिअरीपेक्षा कमी आलं? लॉसेस. पंप लिहिलंय तेवढं पाणी चढवत नाही? लॉसेस. व्हायवाला एक्स्टर्नलने काहीतरी आडवंतिडवं विचारलं आणि काहीच सुचलं नाही, तर चेहरा गंभीर करून 'सर, प्रॅक्टिकली लॉसेस होतात ना' म्हणायचं. एक्स्टर्नल मान डोलावतो. कारण वीस वर्षांपूर्वी त्यानेही हेच उत्तर दिलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की हे उत्तर नाही. निदान पाण्याचे झोत एकमेकांवर किंवा कशावर तरी आदळतात तिथे तर नाहीच नाही. तिथे 'लॉसेस' म्हणजे विचार थांबवायची परवानगी आहे, आणि आपली कॉलेजं ती परवानगी सेकंड इयरपासून फुकट वाटत असतात.

हवेत बोलत नाही, उदाहरण देतो. 'इम्पॅक्ट ऑफ जेट' नावाचं एक प्रॅक्टिकल असतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना आठवत असेल. खालून नोझलमधून पाण्याचा झोत वर येतो, वर एक सपाट चकती असते, झोत तिच्यावर आदळून चारी बाजूंना उडतो आणि चकतीवर किती जोर बसला ते वजनं ठेवून मोजायचं. सूत्र सोपं आहे : दर सेकंदाला येणारं पाणी गुणिले त्याचा वेग. आमच्या कॉलेजात हे रीडिंग दर वर्षी थिअरीपेक्षा कमी यायचं आणि दर वर्षी जर्नलच्या शेवटी 'कन्क्लूजन'मध्ये एकच ओळ असायची : लॉसेसमुळे प्रत्यक्ष बल कमी येते. सर लाल पेनाने टिक करायचे. वर्षानुवर्षं.

आता जरा थांबा आणि हिशेब बघा. पाणी चकतीवर येतं तेव्हा त्याच्याकडे वरच्या दिशेचा मोमेंटम असतो (शाळेतला संवेग हो). चकतीवरून ते काटकोनात बाहेर पडतं, म्हणजे जाताना त्याच्याकडे वरच्या दिशेचा मोमेंटम शून्य. आला तेवढा सगळा चकतीने घेतला. तोच जोर. या हिशेबात पाणी *बाहेर पडताना* किती वेगाने गेलं हे कुठे आलं? कुठेच नाही. चकती खरखरीत असो, घर्षणात पाण्याची निम्मी ऊर्जा जावो, बाजूला जाणारं पाणी रेंगाळत जावो, वरच्या दिशेचा मोमेंटम शून्य तो शून्यच. चकतीवर कितीही ऊर्जा गेली तरी जोर तेवढाच राहतो!

म्हणजे त्या प्रॅक्टिकलचं पिढ्यान् पिढ्या टिक मिळालेलं कन्क्लूजन सरळ चूक आहे. जोर कमी येतो त्याची कारणं वेगळी असतात. चकती लहान असेल तर पाणी पूर्ण काटकोनात वळत नाही आणि थोडा वरच्या दिशेचा मोमेंटम घेऊनच निसटतं. नोझलपासून चकतीपर्यंत चढताना गुरुत्वाकर्षणामुळे वेग थोडा कमी होतो. नोझलचा व्यास आणि झोताचा व्यास एकच धरला तर वेगच चुकीचा निघतो. या प्रत्येक गोष्टीला मोजता येतं, त्याच टेबलावर, त्याच दुपारी. पण 'लॉसेस' म्हटलं की चारच्या आत कॅन्टीनला जाता येतं.

आणि गंमत पुढे आहे. सपाट चकती काढून अर्धगोल वाटी लावली की पाणी उलटं फिरून खाली येतं. तिथे मात्र बाहेर पडण्याचा वेग हिशेबात येतो, वाटीत ऊर्जा गेली तर जोर खरंच कमी होतो. म्हणजे तेच टेबल, तेच पाणी, एका ठिकाणी 'लॉसेस' हे उत्तर बरोबर आणि शेजारी साफ चूक. याहून चांगला धडा कुठला मिळणार होता? पण दोन्ही टेबल्सच्या खाली एकच ओळ.

बरं, आता खऱ्या टकरीकडे येऊ. नववीत मातीचे दोन गोळे असतात ना, सारख्या वजनाचे, सारख्या वेगाने समोरासमोर येऊन चिकटणारे? मोमेंटम आधीही शून्य, नंतरही शून्य, गतिज ऊर्जा सगळी गेली. आता गोळ्यांच्या जागी पाण्याचे दोन सारखे झोत समोरासमोर सोडा. काय होईल? हा प्रश्न मी मध्ये तीन मित्रांना विचारला. तिघेही बी.ई., एक तर एम.टेक. दोघे म्हणाले पाणी टक्करीच्या जागी गतप्राण होऊन खाली पडेल, 'एनर्जी लॉसेसमध्ये जाईल'. तिसऱ्याने विषय बदलला, तो सगळ्यात हुशार.

प्रत्यक्षात काय होतं हे फेलिक्स सावार नावाच्या फ्रेंच माणसाने १८३३ साली प्रयोग करून लिहून ठेवलंय. दोन झोत जिथे भेटतात तिथे पाण्याचा एक पातळ, गोल पडदा तयार होतो, झोतांच्या दिशेला काटकोनात सगळीकडे पसरणारा. आणि त्या पडद्यातलं पाणी जवळपास *त्याच* वेगाने बाहेर जातं, ज्या वेगाने झोत आले. मोमेंटम शून्यच, कारण वर जाणाऱ्या प्रत्येक थेंबाला खाली जाणारा जोडीदार आहे. पण ऊर्जा कुठेही गेलेली नाही. टक्करीच्या मध्यावर पाणी थबकतं, तिथला दाब वाढतो, आणि तोच दाब पाण्याला बाजूला ढकलून त्याचा वेग परत देतो. उघड्या हवेत पृष्ठभागावर दाब सगळीकडे वातावरणाचाच, म्हणून बर्नुली म्हणतो वेगही तोच. पडद्याची जाडीसुद्धा तुम्ही कागदावर काढू शकता : झोताच्या त्रिज्येचा वर्ग भागिले मध्यापासूनचं अंतर. ४ मिलिमीटर व्यासाचे झोत असतील तर मध्यापासून २ सेंटिमीटरवर पडदा ०.२ मिलिमीटर जाड. (पुढे पृष्ठताण आणि हवा मिळून त्याच्या चिंध्या करतात, ते वेगळं.)

मातीच्या गोळ्याचं चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं म्हणून आपण पाण्यालाही गोळा समजतो. गोळ्याला बाजूला पळायची सोय नाही, पाण्याला आहे. इतकाच फरक.

एक झोत जाड आणि एक बारीक असेल तर? वेग सारखे, पण पाण्याचं प्रमाण ३ : १ धरा. पाणी सारख्याच वेगाने बाहेर पडणार, तेव्हा मोमेंटमचा हिशेब असा : ३ वजा १ म्हणजे २, बरोबर ४ गुणिले कोनाचा कोसाइन. कोसाइन निम्मा, कोन ६० अंश. सपाट पडद्याऐवजी छत्रीसारखा शंकू, जाड झोताच्या दिशेला कललेला. ऊर्जेने वेग दिला, मोमेंटमने कोन दिला. दोघांपैकी एकाला जरी वगळलं तरी उत्तर येत नाही. आणि वेगच वेगळे असतील, समजा एक १० मीटर/सेकंद आणि दुसरा ६, तर टक्करीची जागा एका ठिकाणी टिकूच शकत नाही, ती २ मीटर/सेकंदाने कमी वेगाच्या झोताकडे सरकत जाते. का? कारण त्या जागेबरोबर चालत जाऊन बघितलं तर दोन्ही झोत ८ ने येताना दिसतात आणि मध्ये दोन्हीकडचा दाब सारखा भरतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ऑफिसात दिवसभर उगाच खुशीत होतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे लॉसेस नसतातच की काय? असतात की. पण कधी आणि *किती*, हे पाणीच सांगतं, फक्त ऐकायची तयारी हवी. एक पाइप घ्या. त्याच्या अर्ध्या भागातून पाणी ६ मीटर/सेकंदाने येतंय, उरलेल्या अर्ध्यातून २ ने. जेट पंपात असंच होतं. पुढे जाऊन दोन्ही पूर्ण मिसळतात. पाइपची जाडी बदललेली नाही, तेव्हा वेग झाला ४. इथे चर्चेला जागाच नाही, पाणी जाणार कुठे? आता दाब किती वाढला? ऊर्जा टिकली असं धरून सोडवलं तर ६ किलोपास्कल. मोमेंटमने सोडवलं, भिंतीचं घर्षण सोडून दिलं, तर ४ किलोपास्कल. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. खरं आहे ४. आणि मधले २? प्रत्येक किलो पाण्यामागे २ ज्यूल भोवऱ्यांमध्ये आणि शेवटी उष्णतेत गेले.

पुन्हा वाचा. भोवरे कसे होते, किती होते, पाइप गुळगुळीत होता का, पाण्याची चिकटपणा किती, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. तरी लॉस किती हे मला नेमकं कळलं. तो 'प्रॅक्टिकली होतो' म्हणून झालेला नाही. उद्या जगातला सगळ्यात गुळगुळीत पाइप आणा, पाण्याला मिसळून एकसारखं व्हायचं असेल तर २ ज्यूल ही फी भरावीच लागेल. बोर्दाने १७६६ सालीच पाइप अचानक रुंद होतो तिथे असा हिशेब करून दाखवला होता. अडीचशे वर्षं झाली, आणि आपण अजून पोरांना सांगतो की लॉस म्हणजे 'आयडियल आणि रिअल यातला फरक'. आयडियल पाइपमध्येसुद्धा तो आहे हो!

खेळातली उदाहरणं पुरे. धरणाच्या सांडव्यावरून पाणी खाली येतं तेव्हा त्याचा वेग इतका असतो की तसंच सोडलं तर ते नदीचं पात्र उकरून काढेल. म्हणून खाली स्टिलिंग बेसिन बांधतात, म्हणजे एक काँक्रीटची कुंडी. तिथे वेगवान उथळ पाणी पुढच्या संथ खोल पाण्यावर आदळतं आणि उसळी मारून उंच होतं. हायड्रॉलिक जंप. आकडे घेऊ : पाणी ०.५ मीटर खोल, वेग १० मीटर/सेकंद. जंपनंतर खोली किती? ऊर्जा टिकली असं धरलंत तर ५.५६ मीटर. मोमेंटमने काढलीत तर २.९५ मीटर. जवळजवळ दुप्पट फरक. खरं उत्तर दुसरं, आणि त्यात पाण्याची सुमारे ४५ टक्के ऊर्जा गेली. हा गेलेला भाग म्हणजे डिझाइनमधली चूक नाही, त्यासाठीच तर ती कुंडी बांधली!

आता ५.५६ धरून कुणी कुंडी खोल खणली तर काँक्रीट वाया जाईल हा त्यातला किरकोळ भाग. खरी भानगड अशी की जंप बुडून जाईल, वरून पाणी शांत दिसेल आणि खालून झोत तसाच तळाशी घासत पुढे निसटेल. उलट पुढचं पाणी हवं त्यापेक्षा उथळ पडलं तर जंपच कुंडीबाहेर वाहून जाते आणि पुढचं पात्र उखडतं. धरणाखाली गावं असतात.

बेलांजे या फ्रेंच इंजिनिअरच्या नावाने आज जंपचं समीकरण ओळखलं जातं. १८२८ साली त्याने जंपला ऊर्जेचाच नियम लावला होता. दहा वर्षांनी त्याने तो सोडला आणि मोमेंटम लावला. त्याच्यासारख्या माणसाला दहा वर्षं लागली. आपण ते एका लेक्चरमध्ये, 'हे पाठ करा, डेरिव्हेशन आठ मार्कांना येतं' म्हणून उरकतो, आणि हा नियम का, तो का नाही, हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न पेपरात येत नाही म्हणून वर्गातही येत नाही.

अभ्यासक्रमाची मांडणीच तशी आहे. बर्नुली एका सेमिस्टरला. 'इम्पॅक्ट ऑफ जेट्स' पुढच्या सेमिस्टरला, टर्बाइनच्या पुस्तकात. तिथे सूत्रांची रांग : चकती स्थिर, चकती चालती, चकती तिरकी, चकती तिरकी *आणि* चालती, बाक असलेली, साखळीत लावलेली. तिरक्या चकतीच्या आधी एक बारीकशी ओळ असते, 'चकती गुळगुळीत असून ऊर्जेचा व्यय होत नाही असे समजू'. सगळी ऊर्जा-अक्षय्यता त्या एका ओळीत लपलेली, आणि ती ओळ कुणीही वाचत नाही. एकाच पाण्याला दोन्ही नियम एकाच पानावर लावून बघितले आहेत, असा विद्यार्थी मला तरी फार क्वचित भेटलाय.

मुळात विचारायचे प्रश्न दोनच आहेत. एक, मला काय माहीत नाही : वेग की दाब? उघड्या हवेतल्या झोताला दाब माहीत असतो, वेग नसतो. प्रवाह फार न ढवळता वळत असेल तर ऊर्जेचं समीकरण वेग देतं. बंद पाइपात वेग आधीच ठरलेला, दाब माहीत नाही. तिथे मोमेंटम दाब देतो आणि ऊर्जेच्या वहीत जी तूट दिसते तो लॉस. दुसरा प्रश्न, माझ्या चौकटीला बाहेरून कोण ढकलतंय?

हा दुसरा प्रश्न विसरला तर मोमेंटमही फसवतो, हे त्याच्या भक्तांनी ऐकावं. कराडला प्रीतिसंगमावर गेला असाल. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. इंग्रजी टी अक्षर. समोरासमोरचा मोमेंटम एकमेकांत जिरला असं धरू, पण पूर्वेचा मोमेंटम आला कुठून? दोघींपैकी कुणाकडेच तो नव्हता. तो दिला काठाने, तळाने आणि पाण्याच्या पातळीतल्या फरकाने. आणि काठावरचा दाब नेमका किती, हे नुसत्या मोमेंटमच्या समीकरणातून निघत नाही. तिथे मोजावंच लागतं किंवा मॉडेल करावं लागतं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांची आणि नद्यांची छोटी मॉडेल्स बांधून हेच करतात, १९१६ पासून चालू असलेली संस्था आहे ती. 'इथे माझी समीकरणं संपली' असं नेमक्या जागी म्हणता येणं, याला मी इंजिनिअरिंग म्हणतो. 'लॉसेस' म्हणणारा कुठे संपली हे सांगूच शकत नाही.

त्याच कोयनेचं बरंचसं पाणी कराडला पोचतच नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरतं, पावणेपाचशे मीटरच्या आसपास हेड घेऊन, आणि पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळतं. म्हणजे साधारण ९६ मीटर/सेकंदाचा झोत. वाटी न हलता उभी असेल तर जोर सगळ्यात जास्त, काम शून्य. वाटी झोताच्या निम्म्या वेगाने पळत असेल आणि पाणी पूर्ण उलटं फिरवत असेल तर पाणी बाहेर पडताना जमिनीच्या दृष्टीने जवळपास थांबलेलं असतं, सगळी ऊर्जा चाकाला. त्याच चाकाला सपाट पाट्या लावल्या तर कितीही पॉलिश करा, ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. जोर म्हणजे ऊर्जा नव्हे, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच नाही, आणि तुमच्या आमच्या घरात त्यावर दिवे लागतात.

आता नेहमीचे आक्षेप. 'अरे, हल्ली सगळं सीएफडी करतं, हातानं कोण सोडवतंय?' महाशय, तापमानाशी देणंघेणं नसलेल्या साध्या पाण्याच्या प्रॉब्लेमला तुमचा सॉल्व्हर वस्तुमान आणि मोमेंटमच सोडवतो, ऊर्जेचं समीकरण बहुतेक वेळा बंद असतं. ऊर्जा हे त्याचं उत्तर असतं, इनपुट नाही. शिवाय जाळी ढोबळ घेतली की सॉल्व्हर स्वतःच्या पदरची ऊर्जा खातो. सावारचा पडदा स्क्रीनवर निम्म्या वेगाने पसरताना दिसला तर ज्याला उत्तर आधी माहीत आहे तो जाळी तपासेल. बाकीचे रिपोर्टमध्ये लिहितील, लॉसेस.

दुसरा आक्षेप माझ्या क्युबिकलमधून येतो. 'तू जावा लिहितोस, तुला काय करायचंय?' खरंय. पण रात्री दोनच्या कॉलवर 'नेटवर्क इश्यू असेल' हे वाक्य ऐकलं की मला ते जर्नल आठवतं. तो इश्यू असतो कधी कधी. किती मिलिसेकंदांचा, कुठल्या दोन मशीन्सच्या मध्ये, आणि तो काढून टाकला तर आकडे जुळतात का, हे विचारलं की कॉलवर एकदम शांतता पसरते. सवय एकच आहे, लागते सेकंड इयरला.

आणि 'सिलॅबस कधी संपवायचा?' हा आक्षेप मी ऐकूनच घेणार नाही. ज्या डेरिव्हेशन्स आदल्या रात्री पाठ होतात आणि पेपर संपल्यावर गेटपर्यंत विसरतात, त्यातल्या चार कमी करा. त्या जागी हा एक प्रश्न घाला, पेपर सेट करणाऱ्यांसाठी फुकट देतोय :

पाण्याचे दोन सारखे झोत सारख्या वेगाने समोरासमोर येतात, (अ) उघड्या हवेत, (ब) बंद टी-जॉइंटमध्ये. दोन्ही ठिकाणी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग आणि दाब काढा. कुठल्या ठिकाणी दिलेली माहिती अपुरी आहे आणि नेमकं काय मोजावं लागेल ते सांगा. (८ गुण. 'लॉसेस' हा शब्द किती ते न सांगता वापरल्यास २ गुण वजा.)